हवेच्या पाईपाचे मिस्त्री

"सिंकाच्या सगळ्यात जवळ कोन झोपते?"

उंबरा ओलांडल्या ओलांडल्या मिस्त्रींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. रामराम नाही, सिंक कुठे आहे नि कुठे न्यायचं आहे याची चौकशी नाही. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. वाकडं बोलणं मला खपत नाही, आणि राग आला की माझी तेल्हाऱ्याची माहेरची बोली आपोआप वर येते.

"तुमी पाईप टाकाले आले का जनगणना कराले?" मी म्हटलं.

"पाईप मंग, ताई. आधी झोपनारा सांगा."

झोपणारे आमचे हेच. लकवा मारून यांना वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सगळी भाषा जाऊन एक "हूं" तेवढा शिल्लक राहिला होता. भूक लागली तरी हूं, डास चावला तरी हूं, माझ्यावर चिडले तरी हूं. फक्त सूर वेगळा. तो मी ओळखायला शिकले होते.

अकोल्यातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराचं सिंक मागच्या भिंतीला होतं. भांडी घासायला उभी राहिले की माझी पाठ यांच्या खोलीकडे. एका दुपारी हे पलंगावरून घसरून खाली पडले नि अर्धा तास फरशीवर तसेच पडून राहिले. हूं हूं करत असणारच. नळाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की सिंक मधल्या भिंतीला आणायचं आणि भिंतीत हातभर खिडकी पाडायची. मान वर केली की पलीकडे पलंग दिसला पाहिजे. आणखी काही मला नको होतं.

अकोल्यातल्या तीन प्लंबरांना विचारलं. तिघेही म्हणाले, दोन तासांचं काम आहे, फरशीखालून पाईप नेऊन मागच्या चेंबरला जोडून देतो. माझी धाकटी बहीण अमरावतीला असते. ती म्हणाली, "घाई करू नकोस. आमच्याकडे मूर्तिजापूरहून एक मिस्त्री येतात, त्यांना पाठवते. चक्रम आहेत, पण आमचं सिंक सात वर्षांत एकदाही बोललं नाही."

सिंक बोलतं म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही.

तर असे ते आले. साठीच्या आसपासचे, उंच, वाळलेले. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तशी मिस्त्रींच्या कानावर अगरबत्ती. रस्त्याने चालताना माणसांकडे बघायचे नाहीत, घरांच्या माथ्यांकडे बघायचे, त्यामुळे सायकलवाल्यांच्या शिव्या खायचे. माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. "थे वाकळ्या पाईपवाले," "थे टोपी उडालेले," अशी सगळ्यांची ओळख. आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणजे त्यांच्या लेखी "दोन घराइचा एकच पाईप केलेले". हे बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू डॉक्टरांनी कोणाचा गळाच दाबला होता.

झोपणारा दाखवला, तेव्हा ते यांच्या पलंगाशी गेले. हात जोडले. "सायेब, दहा मिनिटं तुमच्या बाजूले लेटू का?" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता खाली फरशीवर आडवे झाले. ज्या दिशेला यांचं डोकं त्याच दिशेला डोकं, हात पोटावर, डोळे मिटलेले. बाहेर ऊन रणरणत होतं, सगळी कॉलनी दारं लावून पडली होती, घरात फक्त कूलरची घरघर. पलंगावर एक माणूस निपचित आणि खाली दुसरा निपचित. बाई, हे काय घरात घेतलं आपण, असं वाटलं. हे मात्र मान वळवून त्यांच्याकडे टक लावून बघत होते. वर्षभरात यांच्या शेजारी असं कोणी येऊन पडलं नव्हतं.

मिस्त्री उठले आणि थेट छताकडे बोट दाखवून म्हणाले, "इथून जाईन. वरते."

"काय जाईल?"

"हवेचा पाईप."

मग आमचं जे वाजलं ते विचारू नका. त्यांचं म्हणणं असं: सिंक मागच्या भिंतीवरून मधल्या भिंतीला आणलं की सांडपाण्याच्या पाईपाला फरशीखालून चौदा फूट आडवं जावं लागणार. एवढ्या लांब पाणी धावलं की आपल्या मागे हवा ओढतं. हवा मिळाली नाही तर सिंकच्या खाली जो वाकडा पाईप असतो, ट्रॅप म्हणतात तो, त्यातलंच पाणी ओढून घेतं. ते वाटीभर पाणीच तर गटाराची हवा घरात येऊ देत नाही. ते गेलं की रस्ता मोकळा. म्हणून सिंकजवळूनच एक उभा पाईप भिंतीतून वर, स्लॅब फोडून, गच्चीवर उघडा सोडायचा. पाणी खालून, हवा वरून.

मला विज्ञान शिकवतात! पण गोष्ट खरी होती. मला राग त्याचा नव्हताच. तो पाईप निघणार होता गच्चीच्या अगदी मधोमध, जिथे माझं उन्हाळ्याचं वाळवण पसरतं. "बाजूनं वळवून न्या ना," मी म्हटलं. "कोपऱ्यातून काढा."

"हवेले वळन आवडत नाही."

"तुमाले कोनं सांगितलं? हवेनं?"

"हो," म्हणाले. थट्टा नाही, काही नाही. "पानी खालते जाते थे सगळ्याइले दिसते, ताई. हवा वरते जाते थे कोनालेच दिसत नाही. म्हणून लोक अर्धंच काम करते. तुमाले अर्धं पायजे असंन तर दुसरा मिस्त्री पाहा."

आणि पिशवी उचलून निघाले की! मीच मागे धावले. काय करता, बहिणीचा शब्द होता. बहिणीने सांगितलं होतं की जुन्या शहरातलं एक काम त्यांनी अर्ध्यावर सोडलं होतं. मालक म्हणत होता, पाईप वरपर्यंत नको, शेजारच्या खिडकीखालीच संपवा. मिस्त्री म्हणाले, शेजाऱ्याच्या उशाशी हवा सोडू का? आणि ते गेले ते गेलेच. मालकाची माणसं दोनदा मूर्तिजापूरला जाऊन हात हलवत परत आली.

चार दिवस काम चाललं. चार दिवसांत त्यांनी आमच्या घरचं घोटभर पाणी घेतलं नाही. काम झालं तेव्हा नव्या सिंकमध्ये काठोकाठ पाणी भरलं, सगळ्यांना गप्प बसवलं आणि बूच काढलं. पाणी गेलं. आवाज नाही. मग त्यांनी कानावरची अगरबत्ती पेटवली आणि सिंकच्या तोंडाशी धरली. धूर सरळ वर गेला. मग म्हणाले, चला गच्चीवर.

गच्चीवर तो पाईप माझ्या खांद्याएवढा उभा, वर जाळीची टोपी. त्यांनी टोपी काढली, दोन्ही हातांनी पाईप धरला, तोंड त्याच्या तोंडाशी नेलं आणि आत हाक मारली.

"माय! हाय का?"

मग कान लावला. किती वेळ! मी गिनती करत होते, साठपर्यंत मोजून सोडून दिलं. शेवटी ते ताठ झाले, टोपी बसवली.

"नाही आलं उत्तर. चांगलं झालं."

"अवं, पण कोनाले हाक मारता?"

"कोनाले बी. हाक खालते घरात पोचली नाही पायजे. मधात पानी असते, थे अडोते. उत्तर आलं तर समजजा, पानी गेलं." मग पाईपावर हात ठेवून म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवजा, ताई. याच्या तोंडाले काई बांधू नोका. कितीही का होईना, बांधू नोका."

"नाही बांधत," मी म्हटलं. खाली आल्यावर ते दोन तांबे पाणी घटाघटा प्यायले.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. पण सांगितलं नाही तर हे मिस्त्री कोण होते ते कळणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी कुरडया घातल्या. दोन वर्षं घातल्या नव्हत्या. घातल्या त्या यांच्यासाठीच, कारण कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, शिजवून जो चीक करतात तो यांना फार आवडायचा, आणि आता चमच्याने भरवता येईल असं जे थोडंफार होतं त्यात तो बसत होता. गरम चीक, त्यावर दूध-साखर. हे खायचे आणि हूं करायचे, तो हूं मी दिवसभर घरात मिरवायची.

मदतीला शेजारच्या वहिनी आल्या होत्या. गच्चीवर धोतर अंथरून आम्ही कुरडया टाकत होतो. वहिनी पाईपाजवळ गेल्या नि नाकाला पदर लावून मागे आल्या. "अव माय, याचा तर गटाराचा वास येऊन राहिला! कुरडयाइले लागंन ना!"

मला वास येत नव्हता. कोरोना झाला तेव्हा माझं नाक गेलं ते गेलंच. हिंग आणि मोगरा मला सारखाच. म्हणून मी माझ्या नाकापेक्षा वहिनींच्या नाकावर विश्वास ठेवला. जुना उशीचा अभ्रा पाईपाच्या तोंडात कोंबला, वर स्टीलचा गडवा, तांब्यासारखा असतो तो, उपडा घातला नि सुतळीने आवळला. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हटलं. मिस्त्रींचे शब्द आठवले नाहीत का? आठवले. चांगले आठवले. पण मूर्तिजापूरच्या चक्रम माणसाचं ऐकून कुरडया नासवू का, असंही म्हटलं. कुरडया वाळल्या, डब्यात भरल्या. गडवा वरच राहिला. विसरले मी.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सिंक बोलायला लागलं.

दुपारची वेळ. पडदे ओढलेले, कूलर चालू, स्वयंपाकघरात भिंतीवरचा पंखा गरम हवा बाहेर टाकतोय. मी भांडी घासून पाणी सोडलं. पाणी घळघळत गेलं, आणि सगळं शांत झाल्यावर, मी हात पुसत असताना, सिंकच्या आतून आवाज आला. "हूं."

खिडकीपलीकडून यांनी उत्तर दिलं. "हूं."

मला हसू आलं. "घ्या! तुम्हाला जोडीदार मिळाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी सिंक, मग हे. तिसऱ्या दिवशी मी नळाला हातही लावला नव्हता. बाथरूममध्ये बादली उपडी केली, आणि स्वयंपाकघर रिकामं असताना तिकडून "हूं" आला. यांचा की त्याचा, हे मला कळेना. सूर ओळखणारी मी! खिडकीतून पाहिलं तर यांचं तोंड मिटलेलं, डोळे सिंकवर लागलेले.

त्यानंतर हे खंगायला लागले. दिवसभर गुंगी. डोळे लाल. चीक तोंडात घातला तर ओकून टाकला. चांगल्या हाताने सारखं सिंककडे बोट दाखवायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे. मी विचारायची, "काय हवंय? भांडी? पाणी?" तर डोळ्यांतून पाणी. माझं स्वतःचं डोकं ठणकायचं, पण मला वाटे उन्हाचं आहे. डॉक्टर येऊन गेले. प्रेशर ठीक आहे म्हणाले, गोळ्या बदलल्या, आणि दाराशी मला हळूच म्हणाले की दुसरा झटका येऊ शकतो, तयारी ठेवा.

तयारी म्हणजे काय ठेवायची असते? मी खिडकीशी उभी राहून यांची छाती वरखाली होते की नाही ते बघायची. मोजायची. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, घरात काहीतरी आलं आहे, लिंबू-मिरची बांधा. आणि मी, चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, मी ती सिंकवरच्या खिडकीला बांधली. बांधताना खालून हूं आला. माझ्या हातातून लिंबू सुटलं.

आणि त्याच आठवड्यात एका दुपारी दारात मिस्त्री उभे! बोलावणं नाही, फोन नाही. दरवर्षी उन्हाळ्यात ते आपण केलेल्या सगळ्या घरांना फिरून येत. कोणी विचारलं तर म्हणत, "श्वास पाहाले आलो." आमच्या घराचं ते पहिलंच वर्ष.

उंबऱ्यावरच थांबले. आत पाऊल घालेनात. नाक वर केलं नि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"ताई, तुमच्या नाकाले का झालं?"

"गेलं. कोरोनात."

चपलांसकट ते आत घुसले. कानावरची अगरबत्ती पेटवली, सिंकच्या तोंडाशी धरली. कोणी समोरून फुंकर मारावी तसा धूर आमच्याकडे वळला. माझ्या पदरावर आला, खिडकीतून पलीकडे गेला, यांच्या पलंगावर जाऊन थांबला. मिस्त्रींनी भिंतीवरचा पंखा बंद केला. घरातली सगळी दारं-खिडक्या धाडधाड उघडली. लिंबू-मिरची तोडून फेकली. "हा पंखा घरातली हवा बाहेर फेकून राहिला, ताई, अन् तेवढी गटारातून आत ओढून राहिला," म्हणाले. "ट्रॅप कोरडा हाय. तुमी इथंच उभे राहा. सायबाकडे पाहा." आणि जिन्याने वर गेले.

मी सिंकशी उभी. त्यांची पावलं डोक्यावर वाजली. पाईपाशी थांबली. मग सुतळी कापल्याचा, गडवा पडून घरंगळल्याचा आवाज. तेव्हा मला आठवलं. एका क्षणात सगळं आठवलं, अभ्रा, गडवा, वहिनी, कुरडया.

आणि सिंक बोललं. या वेळी हूं नाही. माणसाचा आवाज, खोल, ओला, अगदी माझ्या हाताशी.

"माय... हाय का?"

मिस्त्रींचाच आवाज, हे मला कळत होतं. तरी मी किंचाळले. हे पलंगावर दचकले, मान वळवली, आणि होतं नव्हतं ते बळ लावून सिंकला उत्तर दिलं.

"हूं."

वर सगळं चिडीचूप झालं. मी वाट पाहिली. पावलं वाजेनात. हाक नाही, टोपी बसवल्याचा आवाज नाही. शेवटी मीच गुडघे धरत वर गेले.

भर उन्हात, तापलेल्या गच्चीवर, मिस्त्री पाईपाला पाठ टेकून बसले होते. दुपट्टा सुटून गळ्यात आला होता. चेहरा राखेसारखा.

"कोन बोललं?" त्यांनी विचारलं.

"साहेब बोलले. हे."

"बाई नोयती?"

"कोनती बाई? मिस्त्री, का झालं तुमाले?"

मग ते बोलले. माझ्याकडे न बघता, गच्चीकडे बघत. लय वर्षं झाली, म्हणाले. अमरावतीतल्या एका बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सिंक हलवायचं काम होतं. हवेचा पाईप वर न्यायचा तर वरच्या मजल्यावरून जावं लागणार होतं. मालक म्हणाला, कटकट नको, आडवाच टाका. मिस्त्रींनी टाकला. घरात मालकाची म्हातारी होती. तिचे गुडघे गेलेले, म्हणून स्वयंपाकघरातच सिंकजवळ सतरंजी टाकून झोपायची.

"नळाची टोटी बदलाले मी एकडाव वापस गेलो होतो, ताई. थे म्हातारी मले म्हणे, 'बावा, हे सिंक मले हाक मारते.' मी हासलो. म्हटलं, माय, तुमी बी वापस हाक मारजा." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "हिवाळ्यात गेली. दारं बंद होती. डाक्टर म्हणे वय झालं. असंनबी वयच. मले कोनी एक शब्द नाही बोललं."

गडवा माझ्या पायाशी पडला होता. त्यांनी तो उचलला, फिरवून पाहिला.

"हे कोनं बांधलं?"

खोटं बोलायचा मोह झाला. वहिनींचं नाव जिभेवर आलंही होतं. "म्या," मी म्हटलं. "कुरडयाइले वास लागू नये म्हणून. तुमी सांगतलं होतं, तरी."

मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गडवा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चला ताई, सायबाले वरांड्यात घेऊ. तुमच्या घरी सांगाले कोनीतरी आलं. मले सांगाले नोयतं आलं कोनी."

आम्ही दोघांनी यांना पलंगासकट वरांड्यात ओढलं. त्या दिवशी मिस्त्रींनी पहिल्यांदा काम संपायच्या आधी आमच्या घरचं पाणी घेतलं. अर्धं दुपट्ट्यावर सांडलं.

तिसऱ्या दिवशी हे शुद्धीत आल्यासारखे झाले. आठव्या दिवशी वाटीभर चीक संपवून अजून हवा म्हणून रागावले. तो रागाचा हूं ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले. मी माझ्या हातांनी त्यांना मारायला निघाले होते, आणि त्यांना सगळं कळत होतं, आणि सांगता येत नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. यांना सांगितलं. यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि अगदी बारीक हूं केला. त्या हूंचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

पुढे तीन उन्हाळे मिस्त्री येत राहिले. यायचे, यांच्याशेजारी फरशीवर दहा मिनिटं पडायचे. त्या दोघांची ती भेटच असायची, मी मध्ये बोलायची नाही. मग गच्चीवर जायचे, टोपी काढायचे, हाक मारायचे. मी खाली सिंकशी कान देऊन उभी राहायची. काही ऐकू यायचं नाही. खाली येऊन म्हणायचे, "नाही आलं उत्तर." दर वेळी त्यांचा चेहरा उजळायचा, आणि दर वेळी उजळून झाल्यावर थोडा पडायचा. का पडतो, हे मला तेव्हा समजत नव्हतं. कुरडयांची पुडी पिशवीत घालून स्टेशनाकडे चालू लागायचे, मान वर, घरांचे माथे बघत.

हे गेल्या पावसाळ्यात गेले. दुसरा झटका. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच, पण तीन वर्षं उशिरा. खिडकी उघडी होती, हवा वाहती होती, मी सिंकशी उभी राहून मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. घसरून पडलेले नव्हते, एकटे नव्हते. ज्यासाठी सिंक हलवलं होतं ते तेवढं मिळालं.

या उन्हाळ्यात मिस्त्री आले नाहीत. एप्रिल गेला, मे अर्धा गेला. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. बहिणीला विचारलं, तर अमरावतीलाही यंदा कोणाकडे आले नाहीत म्हणाली. मूर्तिजापूरला जाऊन शोधावं तर घर कुठे हे त्यांनी कधी सांगितलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत तेवढं विचारायचं राहिलं.

परवा दुपारी मीच वर गेले. गुडघे बोंबलत होते. गच्ची रिकामी, यंदा कुरडया कोणासाठी घालणार? आसपासची सगळी दारं बंद, एक कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. टोपी काढली. पाईप तापलेला होता, पदर धरून हात लावला. आता हाक मारायची. मिस्त्री कोणाला हाक मारायचे ते मला माहीत होतं. ती हाक माझ्या तोंडून निघेना. ती त्यांची होती.

तोंड पाईपाशी नेलं आणि म्हटलं, "अहो!"

कान लावला. साठपर्यंत मोजलं. मग पुन्हा साठ. आत खूप खोल कुठेतरी अंधार होता आणि गार हवा माझ्या कानाला लागत होती.

उत्तर आलं नाही. चांगलं झालं. ट्रॅपात पाणी आहे, पाईप मोकळा आहे, घर नीट श्वास घेतं आहे. विज्ञान शिकवलेली बाई मी, मला हे सगळं नीट कळतं.

टोपी बसवायला घेतली, आणि पुन्हा काढली. आणि आणखी एकदा हाक मारली.